छठीची गोधडी

माझ्या बायोडेटात दुसऱ्या पानावर एक ओळ आहे: ‘नर्मदाकाठच्या मासेमार कुटुंबांची सामुदायिक गोधडी – संकल्पना व संयोजन.’ यातली गोधडी खरी आणि कुटुंबं खरी, बाकीचं सगळं चोरीचं. संकल्पना कुमुदताई सुभेदारांची आणि संयोजनही त्यांचंच. गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला, “मावशी गेली.” तो आणखी बरंच काही सांगत होता, आणि मला त्या क्षणी ही ओळ आठवली, कुमुदताई नंतर आठवल्या. माणसाची लाज कुठल्या थराला जाते ते मला तेव्हा कळलं.

मी कोकणातली. जबलपूरला आले ती एका खाजगी कॉलेजात गृहविज्ञान शिकवायला. चेरीतालला कुमुदताईंच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नवे पडदे शिवून खिडकीला लावले आणि जरा कौतुकानं खाली उतरून रस्त्यावरून पाहात होते, तर मागून आवाज आला, “हे काहून असं लटकवून ठेवलं?”

मी वळले. ठेंगणी, सावळी, सत्तरीची बाई. ब्लाउजच्या खांद्यावर दोऱ्यासकट तीन सुया टोचलेल्या, बांगडीत सेफ्टी पिनांचा झुबका.

“दुमड एकीकडे दोन बोटं, एकीकडे तीन. काय शिकवते तू कॉलेजात?”

“टेक्स्टाइल,” मी म्हटलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या.

त्या एका ‘अच्छा’त माझी एम.एस्सी. पाण्यात गेली. पुढे मला कळलं की कुमुदताईंचे अच्छा निरनिराळे असत. भाजीवाल्याचा भाव न पटलेला अच्छा वेगळा, पाहुण्यांना आता उठा म्हणणारा वेगळा, आणि समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावरचा अगदीच वेगळा, तो फार हळू असे.

घराणं मराठ्यांच्या काळात नागपूरहून कसल्याशा कारभारावर इकडे आलेलं. “सुभा गेला, सुभेदार राहिले,” असं म्हणून त्या स्वतःच आधी हसायच्या. सगळी नोकरी त्यांनी मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही. मी एकदा धीर करून कारण विचारलं तर म्हणाल्या, “मापाचा मिळाला नाही. अन् अल्टर करून घ्यायची माझी तयारी नव्हती.” देवाशी त्या हिंदीत बोलत, मांजरीशी मराठीत. कोणाच्याही घरी गेल्या की यजमानाच्या तोंडाकडे बघण्याआधी उशीच्या अभ्र्याची शिवण बघत. दोरा दातानं तोडू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलींना ओरडल्या आणि स्वतः मात्र दातानंच तोडत. “मी आता रिटायर आहे,” हे त्यावरचं उत्तर. मशीन त्यांच्या घरात नव्हतंच. “मशीन घाई शिकवते,” म्हणत.

दर शनिवारी सकाळी त्या सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा घेऊन शेअर रिक्षानं ग्वारीघाटाकडे जात. तिथून नदीच्या काठाकाठानं थोडं चाललं की मासेमारांची सतरा घरांची वस्ती. या वस्तीतली जमनाकाकी पूर्वी चेरीतालात मासे विकायला यायची. कुमुदताई मासे खात नसत, पण जमनाकाकी टोपली उतरवून त्यांच्याच ओट्यावर टेकायची. एकदा तिचं लुगडं दारात फाटलं आणि तिनं सुई मागितली. तेवढ्यावर दोघींचं जुळलं. नंतर काकीचे गुडघे गेले, येणं थांबलं, मग कुमुदताईच जायला लागल्या. “तिचे गुडघे गेले, माझे अजून थोडे बाकी आहेत,” असा त्यांचा हिशेब.

जमनाकाकीकडून त्यांना ती रीत कळली. त्या लोकांत बाळाला सहाव्या दिवशी, छठीला, पहिल्यांदा न्हाऊ घालून कथरीवर निजवतात. कथरी म्हणजे आपली गोधडीच. पण तिच्यात नवं कापड चालत नाही. घरोघरचं वापरलेलं, अंगावर झिजलेलं कापड मागून आणायचं, म्हणजे सगळ्या घरांचं आयुष्य बाळाला लागतं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा घरं पांगली. ही सतरा घरं पुन्हा एकत्र आली खरी, पण मागायला कोण कोणाकडे जाणार, असं होऊन रीत बंद पडली. दोन-तीन बाळं बाजारातल्या फुलाफुलांच्या गादीवर निजवली गेली, याचं काकीला वाईट वाटे.

“चलो, एकच करू,” कुमुदताई म्हणाल्या. “सतरा घरांची एक. वस्तीची. ज्या घरी बाळ होईल त्या घरी जाईल.”

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती सुरुवातीला खरोखरच उत्सुकतेनं, हे माझ्या बाजूनं एवढं तरी नोंदवते. पहिल्या शनिवारी बायकांनी लाजेकाजेस्तव कोरी कापडं काढून दिली. कुमुदताईंनी एकेक उचलून परत केलं. “नया दुकान में रक्खो. पहना हुआ दो.” मग कुठे पेट्या उघडल्या. कोणाचा गमछा, कोणाच्या सासऱ्याची बंडी. जमनाकाकीनं आपल्या सासूचं तांबडं लुगडं दिलं. बुडालेल्या गावातून तिनं आणलेली ती एकच वस्तू होती. कुमुदताईंनी ते हातात घेतलं, वास घेतला, आणि कात्री न लावता पिशवीत ठेवलं. “हे मधोमध,” म्हणाल्या.

प्रत्येक घराचा एक चौकोन. त्यात काय शिवायचं ते घरानं ठरवायचं. एकीनं डोंगी, म्हणजे छोटी होडी शिवली, एकीनं कासव. एका म्हाताऱ्यानं सुनेकडून बाड़स मासा शिवून घेतला. त्याच्या तरुणपणी हातभर लांबीचे मिळायचे म्हणे, आता दिसत नाहीत, म्हणून तो शेजारी बसून खवले मोजून मोजून सांगत होता. एकीनं पोटात अंडी असलेली मासोळी काढली आणि शेजारी खुंटीला टांगलेलं कोरडं जाळं, कारण पावसात मासोळी भरलेली असताना जाळं पाण्यात टाकायचं नाही हा त्यांचा जुना नियम.

खाली एक लांब पट्टा राहिला. नर्मदा जिथे जाते तो समुद्र तिथे यायचा होता. वस्तीत समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“निळा,” मी म्हटलं.

“कॅलेंडरमधला नको,” कुमुदताई म्हणाल्या. “तू पाहिलेला सांग.”

मी आठवायला लागले. आमच्या किनाऱ्यालगतचा समुद्र वर्षातले निम्मे महिने धुणं धुतलेल्या पाण्यासारखा असतो. मी तसं सांगितलं तेव्हा जमनाकाकीनं आत जाऊन मुलाची नावेवर घालायची विटकी राखी पँट आणली. मग पट्टा अंथरता अंथरता तिनं मला विचारलं, “काय बाई, हम औरन की नदी को सब कचरा भी उतईं जात हुइए?”

“हो,” मी म्हटलं. “तिकडेच जातो.”

पुढच्या शनिवारी तिच्या सुनेनं, सुनीतानं, आपल्या चौकोनात प्लॅस्टिकची बाटली शिवून आणली होती. बाकीच्या बायका हसल्या. सुनीता म्हणाली, “जाल में सबसे जादा तो जेई आत है.” कुमुदताईंनी तिचा धावदोरा उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या, “पाहून घे. टाका असा पाहिजे.” सुनीताला तेव्हा पाचवा महिना होता, आणि ही गोधडी पहिल्यांदा तिच्याच बाळाखाली जायची होती.

दसऱ्यानंतर गोधडी पूर्ण झाली. मी फोटो काढून कॉलेजात दाखवले, कॉलेजनं पुढे पाठवले, आणि मुंबईच्या एका संस्थेकडून पत्र आलं. समुद्र आणि मासेमार कुटुंबं या विषयावर दहा दिवसांचं प्रदर्शन होतं आणि त्यांना ही गोधडी हवी होती. प्राचार्य पहिल्यांदाच मला नावानं ओळखायला लागले.

कुमुदताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. “अजून एकाही बाळाखाली गेली नाही. आधी भिंतीवर जाईल काय?” मी दोन दिवस त्यांच्या मागे लागले. नदीची गोष्ट समुद्रापर्यंत पोचेल, वस्तीचं नाव होईल, असं बरंच बोलले. शेवटी त्यांनी वस्तीत जाऊन सगळ्या बायकांना बोलावलं आणि उभ्यानं सांगितलं, “सुनीता की छठी से पहले वापस. मेरी जबान है.”

“हओ दीदी,” जमनाकाकी म्हणाली. “तुमने कह दई तो ले जाओ.”

मला मदनमहल स्टेशनवर सोडायला कुमुदताई स्वतः आल्या. गोधडी धुतलेल्या चादरीत बांधलेली होती. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाल्या, “थंडी वाजली तरी अंगावर घेऊ नको. तिचा पहिला मान बाळाचा.” मी घेतली नाही. एवढं एकच मी पाळलं.

प्रदर्शनात लोक तिच्यासमोर थांबत. प्लॅस्टिकच्या बाटलीपाशी तर फारच थांबत. शेवटच्या दिवशी संस्थेच्या बाईंनी मला चहाला बोलावलं. फार सुसंस्कृत बाई. गोधडी त्यांना कायमची ठेवायची होती, काचेत, कसर लागणार नाही अशा बंदोबस्तात. खाली पाटी लागणार होती आणि तिच्यावर माझं नाव. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर ‘समूहाच्या वतीने’ असं छापलेलं होतं.

मला कोणी फसवलं नाही. मी कागद वाचला, दोनदा वाचला. सुनीता आठवली, कुमुदताईंची जबान आठवली. मग मी मनाशी म्हटलं, त्यांना बाळ निजवायलाच तर हवी आहे, दुसरी करू, चांगली करू. चहा संपवला आणि सही केली. सही करताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. छान, वळणदार आली.

परत आल्यावर कुमुदताईंना सांगितलं की प्रदर्शन लांबलंय. त्या “अच्छा” म्हणाल्या. पंधरा दिवसांनी सांगितलं की पार्सलनं येईल. संस्थेला मी एकच फोन केला. ते नम्रपणे म्हणाले की कागद झालेला आहे. दुसरा फोन केला नाही. कॉलेजात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल मी कपाटात अगदी खाली ठेवली.

सुनीताचं बाळ दोन आठवडे आधीच आलं. ती बातमी घेऊन कुमुदताई जिना चढून माझ्याकडे आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहिल्या, धाप लागलेली.

“मुलगी झाली. गोधडी कधी येऊन राहिली?”

“ताई, येईल असं वाटत नाही,” मी म्हटलं.

“काहून?”

“त्यांनी ठेवून घेतली.”

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग विचारलं, “तुला विचारून, की न विचारता?”

“न विचारता,” मी म्हटलं.

“अच्छा.” फार हळू म्हणाल्या. मग कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. मला वाटलं होतं, वस्तीत जाऊन त्या मुंबईवाल्यांना शिव्या घालतील, आणि खरं सांगते, मी त्याच आशेवर होते. बायका जमल्या. कुमुदताई म्हणाल्या, “कथरी नहीं आएगी. बंबईवालों ने माँगी, मुझसे पूछा, मैंने दे दी. गलती मेरी है.”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर काही आलं नाही, आणि ते बंद करताना मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत किळस कशाची येत असेल तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

कोणी भांडलं नाही. एक बाई उठून गेली, तिच्यामागून दुसरी. जमनाकाकीनं सासूच्या लुगड्याचं विचारलं, “औ बऊ को लुगरा?”

“वो भी,” कुमुदताई म्हणाल्या.

मग ही सत्तरीची बाई पिशवी घेऊन पुन्हा सतरा दारांशी गेली. एकदा दिलेलं त्याच घराकडे पुन्हा मागणं त्या लोकांत अशुभ मानतात, पहिलं दान फुकट गेलं असा त्याचा अर्थ होतो. हे माहीत असून त्या प्रत्येक उंबऱ्याशी थांबल्या. अकरा घरांनी दिलं, पाचांनी नाही म्हटलं. सतरावं घर जमनाकाकीचं. ती म्हणाली, “अब कछु नईं बचो,” आणि ते खरंच होतं.

चार दिवस त्या खाली ओसरीत बसून शिवत होत्या. नजर कमी झालेली, टाके वाकडे जात होते. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, “तू कॉलेजला जा.” चिडून नाही, साधंच. वाकडे टाके त्यांनी तसेच राहू दिले. आयुष्यात पहिल्यांदाच राहू दिले असतील.

छठीला ती हातभर गोधडी घेऊन आम्ही गेलो. बाळाला न्हाऊ घातलं, काजळ लावलं. जमनाकाकीनं नातीला त्या गोधडीवर निजवलं, डोक्यावरून हात फिरवला, सगळं रीतसर केलं. नंतर कुमुदताईंकडे बघून म्हणाली, “मास्टरनी जी, चाय पी के जइयो.” इतक्या वर्षांत तिनं त्यांना दीदी सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. कुमुदताईंनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्यायल्या.

त्यानंतरही त्या दर शनिवारी जात राहिल्या. डबा नेत, जुने कपडे दुरुस्त करून देत, मुलींना टाके शिकवत. तिथे त्यांना खुर्ची मिळे. पूर्वी खाली सगळ्यांत बसायच्या. मी एक-दोनदा गेले आणि मग कामाचं निमित्त सांगून थांबले. त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मला बघवत नसे. सुनीताच्या मुलीनंतर वस्तीत आणखी दोन बाळं झाली. त्यांच्यासाठी कापड मागायला कुमुदताई गेल्या नाहीत, आणि त्यांना कोणी बोलावलंही नाही.

दोन वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी गोधडीबद्दलच विचारलं आणि मी वीस मिनिटं न अडखळता बोलले. निघायचा दिवस शनिवार होता. गाडी दुपारची. सकाळी कुमुदताई डबा घेऊन रिक्षासाठी रस्त्यावर उभ्या होत्या. मी चपला न घालता तशीच धावत खाली गेले.

“ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. गोधडी त्यांनी...”

“सही तुझी आहे,” त्या म्हणाल्या. “माहीत आहे.”

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

“भाचा गेला होता पाहायला. पाटीचा फोटो पाठवला त्यानं. ‘समूहाच्या वतीने’ अन् खाली तुझं नाव. बाळ व्हायच्या चार दिवस आधी.”

म्हणजे त्या जिना चढून वर आल्या, ‘विचारून की न विचारता’ म्हणाल्या, तेव्हा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. मी म्हटलं, “मी येते तुमच्याबरोबर. आत्ता. जमनाकाकीला सांगते मी दिली म्हणून. गाडी चुकली तर चुकू दे.”

“नको.”

“पण ताई, तुमच्या माथी...”

“ऐक,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तू जाशील, रडशील. त्या बायका आहेत, तुला पाणी देतील, पाठीवरून हात फिरवतील. तू मोकळी होऊन गाडीत बसून जाशील. अन् मी? मी दोन वर्षं त्यांच्याशी खोटं बोलून राहिली, असं होईल. मला तिथेच जायचं आहे दर शनिवारी.”

“मग मी काय करू?”

“काही करू नको. ठेव तुझ्याजवळ.”

रिक्षा आली. त्यांनी आधी डबा आत सरकवला, मग गुडघ्यावर हात टेकून चढल्या. मला म्हणाल्या, “जा, पायात काही घाल.” रिक्षा निघाली, पन्नास पावलांवर पुन्हा थांबली. कोणी बाई पिशव्या घेऊन चढत होती. कुमुदताई आत सरकल्या, तिची एक पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्याशी बोलायला लागल्या. मी हात वर केलेला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.